धाकटीची बहीण

१९८४ साली नाशकात मॅरेथॉनच्या आदल्या संध्याकाळी रेडिओनं गारपिटीचा इशारा दिला. थोरल्या बहिणीनं माघार घेतली. धाकटीकडून हरण्यापेक्षा पावसाचं निमित्त बरं. धाकटीला पळायला तिनंच शिकवलं, पण आळीत थोरलीलाच 'धाकटीची बहीण' म्हणत. "ताई, जाऊ का? तू म्हणशील तसं," धाकटीनं विचारलं. थोरलीला वाटलं, होऊ दे चिखलात फजिती. "जा की! मिठाची आहेस का विरघळायला?" म्हणत तिनं आपले तळ झिजलेले बूट दिले. सकाळी गारांत पहिल्याच वळणावर धाकटी आपटली. तिनं बूट भिरकावले, अनवाणी पळाली, पहिली आली. त्या जोरावर ती मनमाडला रेल्वेत लागली. थोरली देवळ्याला कांद्याच्या मळ्यात राबली. दर दिवाळीला धाकटी थोरलीच्या नातवंडांना सांगते, "तुमच्या आजीनं धाडलं नसतं, तर घरीच बसले असते." थोरली फराळाचं ताट पुढं सरकवते.