साहेबाने पास केलेली खुर्ची

साहेब खुर्चीतच गेला. नुकत्याच शिवून झालेल्या खुर्चीत तो दुपारी चढून बसला, अंगाचं मुटकुळं केलं आणि पुन्हा उठलाच नाही. सुनेने हाक मारली. पोटावर हात ठेवून पाहिला, नाकापाशी बोटं धरली. मग तिने आधी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि नंतर नवऱ्याला कामावरून बोलावून घेतलं.

तिचे सासरे जुन्या खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड चढवणारे कारागीर. पुढे कारखाना, मागे राहायच्या खोल्या. कुत्र्याने साहेब हे नाव स्वतःच्या कर्तृत्वाने मिळवलं होतं. खुर्ची तयार झाली की गिऱ्हाइकाच्या आधी हा तिच्यात बसून बघायचा. सासूबाई होत्या तोवर फडकं घेऊन त्याच्या मागे लागायच्या. "ऊठ मेल्या, लोकांची खुर्ची आहे ती!" बाबा हसायचे. "बसू दे गं, पास करतोय तो." आणि खुर्ची दाराबाहेर पडली की बाबा तिच्या कापडाचा एक तुकडा कारखान्यातल्या भिंतीवरच्या फळीला ठोकायचे. तुकडा फळीवर गेला म्हणजे काम झालं, ज्याचं त्याला पोचलं. आता शोधत बसायचं नाही.

हल्ली बाबांच्या डोक्यात काही टिकत नव्हतं. जेवून उठले की जेवण कधी म्हणून विचारायचे. चष्म्याची चौकशी, चपलांची चौकशी, कधीच्या काळी बंद पडलेल्या रेडिओचीसुद्धा चौकशी. फक्त बायकोची नाही. ती गेल्यापासून ती कुठे आहे असं त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. ती गेली त्या संध्याकाळी तर ते कारखान्याचं दार लावून आत बसले होते आणि आतून हातोडीचा आवाज येत होता. मुलाच्या मनात ते सलत राहिलं. बाबा आईला विसरले, आणि अगदी सहज विसरले, अशी त्याने खूणगाठ बांधली होती.

तो आला तो घामाघूम. "बाबा झोपलेत ना? उठायच्या आत मी साहेबाला घेऊन जातो. विचारलं तर सांगू, दवाखान्यात ठेवलाय."

"रोज विचारतील."

"रोज सांगू."

"म्हणजे रोज वाट बघायला लावायची त्यांना?" सून म्हणाली. "अहो, डॉक्टर काय म्हणाले, घरातल्या सगळ्यांना एकदा बघू द्या. लपवू नका."

"आणि लक्षात राहणार आहे का त्यांच्या? रोज नव्याने सांगायचं, रोज नव्याने रडवायचं! आईचं सोपं गेलं त्यांना. साहेबाचं नाही जायचं."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं. सून मात्र खमकी. ती वाद घालत बसली नाही. साहेबावर पांघरायला तिने कपाटातून सासूबाईंची निळी शाल काढली. जुनी, एक कोपरा गेलेली. तो दिसला तेव्हा मुलाने उंदरांना शिव्या घातल्या होत्या.

"ती नको!" मुलगा ओरडला आणि त्याने शाल हिसकावून घेतली.

त्या आवाजाने बाबा उठले. दारात येऊन उभे राहिले. खुर्चीपाशी गेले, साहेबाचा कान दोन बोटांत धरला आणि सोडला.

"गेला?"

"हो बाबा," सून म्हणाली. "झोपेतच गेला."

बाबा तिथेच जमिनीवर बसले आणि मोठ्याने रडले. मुलाने त्यांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. कुणी त्यांना गप्प केलं नाही. रडून झाल्यावर त्यांनी बाहीने नाक पुसलं. "पोरी, कपाटातली हिरवी मखमल काढ. चांगली ठेवलेली आहे बघ."

हल्ली त्यांच्या हाताला शर्टाची बटणं सापडत नसत. त्याच हातांनी त्यांनी बाकदार सुई ओवली आणि साहेबाला मखमलीत शिवलं. टाका एका रेषेत, कुठे सुरकुती नाही. मुलगा आणि सून, दोघांना पाहत राहावंसं वाटलं, इतकं ते काम देखणं होतं. मुलाने मागच्या अंगणात चांगला खोल खड्डा खणला. बाबांनी स्वतः साहेबाला खाली ठेवलं, माती लोटली. मग हात धुऊन ते कारखान्यात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. आतून हातोडीचा आवाज येऊ लागला.

"झालं," मुलगा बायकोला म्हणाला. "विसरले."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा साहेबाचा पट्टा हातात घेऊन कारखान्यात हिंडत होते. "साहेब! अरे साहेब!" टेबलाखाली वाकून पाहिलं, सोफ्यामागे पाहिलं. आता आपल्यालाच सांगावं लागणार म्हणून मुलगा पुढे झाला. सुनेने त्याचा हात धरून ठेवला.

बाबा भिंतीवरच्या फळीपाशी आले. तुकड्यांवरून त्यांची बोटं फिरत गेली आणि कोऱ्या हिरव्या मखमलीवर येऊन थांबली. मग त्यांनी पट्टा खुंटीला अडकवला.

त्यांचा हात तेवढ्यावर थांबला नाही. तो शेजारच्या एका निळ्या तुकड्यावर सरकला, रोजच्या सवयीने सरकावा तसा. शालीच्या कोपऱ्याएवढा तुकडा. हात लागून लागून त्याची लव पार झिजून गेली होती. मुलगा बघतच राहिला. उंदरांना त्याने उगाच शिव्या घातल्या होत्या.

"साहेब येतोय गं तिकडे," बाबा त्या तुकड्याला म्हणाले. "खुर्चीत बसला तर उठवू नकोस त्याला."