मुनीरचा बाप

साहेब, तुम्ही माझ्या म्हाताऱ्याला फरफटत नेलंत, कारण त्याने फौजेत जाण्याजोगा मुलगा लपवलाय म्हणे. गल्ली त्याला ‘अबू मुनीर’ म्हणते, म्हणजे मुनीरचा बाप. अहो, हे मानाचं नाव आमच्यात पोर नसतानाही देतात! त्याला ते आईने लहानपणीच दिलं, मुलगा होईल या आशेने. मुनीर झालाच नाही. सुतार माणूस, लग्न होताच हौसेने पाळणा करून बसला. मी त्यात कांदे ठेवते. तुमचा शिपाई पाळणा लाथाडून म्हणाला, “हा काय कांद्यांना झोपवायला केलाय?” “अहो, सांगा ना, आपल्याला मूल नाही!” मी म्हाताऱ्याला ओरडून म्हटलं. जन्मभर त्याने ‘अबू मुनीर’ या हाकेला ओ दिलेली. त्याच्या तोंडून ‘नाही’ निघेना. तुम्ही गाद्या फाडल्यात, माळा उपसलात. आम्ही मुनीरला अल्लाकडे मागून थकलो. तुम्हाला सापडला असेल तर बोला साहेब, कुठे आहे माझा मुलगा?