मधली जागा

"वहिनी, हे सगळे गरीब मासे आहेत. भांडत नाहीत, मोठ्याला वाट देतात," दुकानदार म्हणाला, म्हणून मी गप्पी, मॉली आणि टेट्राच घेतले. रोज कोणाचं तरी कुरतडलेलं शेपूट बघायची मला हौस नव्हती.

घरी टाकीत सोडले, तर सगळे काचेला चिकटूनच फिरू लागले. मधे बशीएवढी जागा रिकामी. एकही मासा तिथून जाईना. खाणं टाकलं, तर त्या जागेत गेलेला दाणा तळाशी पोचेना.

"नवीन आहेत, रुळतील," नवरा म्हणाला. "उगीच माझं डोकं खाऊ नकोस."

आठवडाभरात ती जागा ताटाएवढी झाली. मी दुकानदाराला फोन केला, तर तो हसला. "आत कोणी मोठा नाही ना वहिनी? मग वाट देतायत कोणाला?"

आज सकाळी बघते तर मासे टाकीभर मोकळे हुंदडतायत. माझ्या जिवात जीव आला.

सासूबाई चहाचा कप घेऊन निघाल्या आणि हॉलमधून सरळ न येता भिंतीच्या कडेकडेने आल्या. नवराही पेपर वाचत वाचत तसाच वळसा घालून गेला.

"असे काय चालताय दोघं?" मी ओरडले.

"कसे?" नवरा म्हणाला.

मी पुढे व्हायला गेले, तेव्हा कळलं, माझीही पाठ भिंतीला टेकलेली आहे.

तेवढ्यात माझी छकुली डोळे चोळत समोरच्या दारात आली. मला बघताच तिने हात पसरले आणि हॉलच्या बरोबर मधून धावत सुटली.