सिनेमाची अकरा खेळणी विकणे आहेत

"विकायची नसतील तर तसं सांगा, काका. मला राग येणार नाही," मृणालिनी तिसऱ्या खेपेला म्हणाली.

गुणाजी परबांनी पत्र्याचा घोडा सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि सतरंजीवरच्या रांगेत परत ठेवला.

लालबागच्या चाळीतल्या त्या खोलीत एकूण अकरा खेळणी मांडली होती, सगळी सिनेमाची. घोड्यावर बसलेला लाल मफलरवाला नायक. चावी दिली की तलवार फिरवणारा एकाक्ष खलनायक. गोल फिरणारी नाचरी. डोळ्याला लावून खटका दाबला की एकेक चित्र सरकवणारी डबी. पूर्वी टॉकीजबाहेरच्या हातगाडीवर अशी खेळणी मिळायची. पोरं ती आठवड्याभरात मोडून टाकायची, म्हणून आता शोधूनही सापडत नव्हती. मृणालिनीचं माटुंग्याला जुन्या खेळण्यांचं दुकान होतं. इतका धड संच तिने वीस वर्षांत पाहिला नव्हता.

जाहिरात तिने पेपरात वाचली होती. 'लहानपणची सिनेमाची खेळणी विकणे आहेत. समक्ष भेटा.' खाली अकराही खेळण्यांची यादी, मग नाव, चाळ, खोली नंबर.

पहिल्या भेटीत गुणाजींनी सगळं हौसेने दाखवलं. गिरणीचा पगार झाला की एक सिनेमा आणि सिनेमा सुटला की एक खेळणं, असा घरचा रिवाज होता म्हणाले. कुठलं खेळणं कधी आलं, कुठल्याचा पाय जिन्यात वाकला, सगळं त्यांना तोंडपाठ. पण तिने किंमत विचारली की ते चहाचं काढायचे. तिचं लहानपण कुठे गेलं, घरी भाऊ किती, ते आता काय करतात, असलं काहीबाही विचारत बसायचे.

दुसऱ्या भेटीत तिच्या आधीच एक गिऱ्हाईक येऊन बसलं होतं. ठाण्याचा तिशीतला माणूस. गुणाजींनी घोडा त्याच्या हातात दिला आणि घोड्याकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. शाळा कुठली, त्याआधी कुठे राहत होता, घरात धाकटा की थोरला, असं अर्धा तास चाललं. त्यांच्या पत्नी राधाकाकू हातातलं पीठ तसंच ठेवून आतल्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. शेवटी त्या माणसाने भाव विचारला तेव्हा गुणाजींनी नमस्कार केला आणि जमणार नाही म्हणून सांगितलं.

"टाइमपास करतोय म्हातारा," जिना उतरताना तो पुटपुटला.

मृणालिनीला मात्र चैन पडेना. तीच जाहिरात तिला शेजारच्या दुकानात गुजराती पेपरात दिसली, मग एका हिंदी पेपरातही. दादरला जाहिराती घेणारा एजंट तिच्या ओळखीचा होता. त्याला विचारलं तर तो हसला. ही जाहिरात त्याच्या वडिलांच्या वेळेपासून येते, दरवर्षी गणपतीच्या आधी, न चुकता.

तेव्हा तिला वाटलं, आलं लक्षात. म्हातारा-म्हातारी दोघंच घरात. शेजारपाजारची माणसं गिरण्यांबरोबर उठून कुठे कुठे गेली. दाराशी चार माणसं यावीत, दोन गोष्टी व्हाव्यात, म्हणून ही खेळण्यांची युक्ती. तिसऱ्या खेपेला ती खारी बिस्किटांचा पुडा घेऊनच आली होती.

राधाकाकूंनी पुडा फोडून बशीत काढला, चहा ठेवला.

"ही खेळणी मुलाची ना, काकू?" मृणालिनीने विचारलं.

"आमच्या हरेश्वरची. श्रावणात बत्तीस पूर्ण झाली त्याला."

"मग त्याला नकोत?"

"ते त्यालाच विचारायला हवं," राधाकाकू म्हणाल्या. चहाची गाळणी त्या नळाखाली बराच वेळ धरून राहिल्या.

"असतो कुठे?"

"रुसून गेलाय," गुणाजींनी सांगितलं.

मृणालिनीने बशी खाली ठेवली. म्हणजे एकटेपणाचा मामला नव्हता तर. बापलेकाचं भांडण होतं. तिच्या माहेरीही हेच झालं होतं. एका खोलीवरून वडील आणि भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते, आणि निरोपांची ने-आण तिनेच केली होती. शेवटी दोघांना एका ताटावर बसवलं तेही तिनेच. हे काम तिला येत होतं.

"काका, खेळण्यांचं राहू द्या," ती म्हणाली. "मला हरेश्वरचा पत्ता द्या. मी जाऊन बोलते त्याच्याशी."

गुणाजींनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"पत्ता असता तर जाहिरात कशाला दिली असती, ताई?"

मग त्यांनी सांगितलं. संपाचा आठवा महिना होता. घरात विकण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी एका सकाळी खेळणी भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवली. पाच वर्षांचा हरेश्वर बापाच्या नावाने रडत-ओरडत गाडीमागे धावला. खाली गणपतीची गर्दी होती. गाडी परळच्या नाक्यावर सापडली. खेळणी अकराच्या अकरा परत मिळाली.

"त्याला तेव्हाही घर कुठे ते सांगता यायचं नाही. आता आमचं नावसुद्धा आठवत नसेल," गुणाजी म्हणाले. "पण बाप पुन्हा खेळणी विकायला निघालाय हे कुठे वाचलं, तर भांडायला तरी येईल."