कानटोपी

चित्रीकरणाच्या मधल्या सुट्टीत एक बाई थेट विश्रामच्या खुर्चीशी आली. पिशवीतून जुनी कानटोपी काढून तिनं त्याच्यापुढे धरली.

"दादा, मालिकेत मेलेल्या माणसाच्या वस्तूला हात लावला की तुम्हाला सगळं दिसतं. मग पोलिसांना खुनी सापडतो. आमचे हे दूध आणायला गेले, ते परतलेच नाहीत. आहेत की नाहीत, एवढंच सांगा."

अशी माणसं अधूनमधून यायची. "मी नुसता नट आहे हो," असं हसत सांगून विश्राम त्यांची बोळवण करायचा. पण बायकोचं दिवसकार्य उरकून तो कालच कामावर परतला होता. आज हसू आलं नाही. त्यानं टोपी दोन्ही हातांत घेतली आणि डोळे मिटले. बाई श्वास रोखून उभी राहिली.

"काही दिसत नाही, ताई."

"मालिकेतसुद्धा आधी असंच म्हणता तुम्ही."

"खोटं कशाला सांगू? घरी बायकोचा चष्मा असाच हातात घेऊन बसतो मी. तीसुद्धा दिसत नाही."

लांबून कुणीतरी "शॉट तयार आहे" म्हणून ओरडलं. विश्रामनं टोपी परत द्यायला हात पुढे केला, पण तिनं ती घेतली नाही. शेजारचं स्टूल ओढून ती बसली.

"नाही दिसलं तर राहू द्या," ती म्हणाली. "पण धरा थोडा वेळ. घरात मी एकटीच धरून बसते."