ब्याण्णव टक्क्यांवर

ब्याण्णव टक्क्यांवर येऊन कॉम्प्युटरनं पुन्हा मान टाकली.

"गेला!" धाकट्यानं माउस आपटला.

"आपटू नकोस रे त्याला," अप्पा मागच्या खुर्चीतून म्हणाले. "दमलाय बिचारा. पंप तापला की आम्हीसुद्धा अर्धा तास बंद ठेवायचो."

अप्पांनी तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपावर काढली होती. त्यामुळे जगातल्या झाडून सगळ्या यंत्रांना ते पंपाचाच न्याय लावत. धाकट्यानं घड्याळ पाहिलं. सकाळी दहाला बसलेला माणूस, आता तीन वाजले होते, आणि हाती काय, तर आईच्या फिल्मचा चार मिनिटांचा तुकडा.

आईला जाऊन वर्ष होईल त्या दिवशी सगळे नातेवाईक जमणार होते. त्यांना दाखवायला आईची फिल्म करायची, हे धाकट्यानं आपणहून अंगावर घेतलं होतं. आता जेमतेम महिना उरला होता. एवढं तरी आपल्या हातून झालंच पाहिजे, असा हट्टच धरला होता त्यानं.

कारणही तसंच होतं. आई दोन वर्षं फोनवर म्हणत होती, "एकदा ये रे, जुन्या कॅसेटा कॉम्प्युटरवर घेऊन ठेवल्यात. बसून बघू." आणि हा दर वेळी, "पुढच्या आठवड्यात नक्की!" तो पुढचा आठवडा काही उजाडला नाही. आता तो दर रविवारी येत होता, पण दाखवणारी राहिली नव्हती. हे मनात आलं की त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

बरं, काम आपल्या घरी न्यावं, तर अप्पांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तिच्या कॅसेटा या घराबाहेर जाणार नाहीत. काय करायचं ते इथं बसून कर."

सुरुवातीचे दोन रविवार कॉम्प्युटर कसा वाऱ्यासारखा पळाला होता. तासाभरात काम उरकायचं, की हा निघाला. तिसऱ्या रविवारी जो रुसला, तो रुसलाच. फाइल जड झाली असणार, असा धाकट्यानं अंदाज बांधला. त्याला तरी यातलं कुठं काय कळत होतं?

"अप्पा, मेमरी वाढवू या. असं जमायचं नाही."

"कशाला? चाललंय की."

"चाललंय? रांगतंय!"

"रांगू दे. घाई कुणाला आहे?"

"मला आहे, अप्पा! महिन्यावर आलंय."

अप्पांनी पडद्याकडे बोट दाखवलं. पडद्यावर आई नदीकाठी छत्री घेऊन उभी होती आणि हसू दाबता दाबता तिथंच गोठली होती.

"इथं ती का हसतेय, ठाऊक आहे?"

"का?" धाकटा मोबाइलवर मेमरीची माहिती वाचत म्हणाला.

"त्याच्या आधी दहा मिनिटं मी कॅमेऱ्याच्या वरनं तिच्याकडे बघत, झाकण न काढताच शूटिंग करत होतो. इकडे हो, तिकडे बघ, हुकूम सोडतोय आपला! तिला पहिल्यापासून दिसत होतं, पण बोलली नाही. मागनं म्हणते कशी, तेवढाच वेळ तुम्ही माझ्याकडे नीट बघत होता."

"हं," धाकटा म्हणाला. "सोळा जीबी पुरे होईल असं दिसतंय."

अप्पांनी चष्मा काढून पुसला. धाकट्यानं वायरी उपटायला सुरुवात केली.

"आजच? अरे, रविवारी कोण दुकान उघडं ठेवतंय?"

"कोपऱ्यावरचा असतो उघडा. येताना पाहिलाय."

"त्याच्याकडे नको हं. एक नंबरचा लबाड आहे तो. बाजारातल्याकडे ने. सावकाश ने, पुढच्या आठवड्यात."

पुढच्या आठवड्यात! धाकट्याला ते शब्द असे काही झोंबले की त्यानं वर न बघता कॉम्प्युटरचा डबा उचलला.

"चहा टाकतो की. घोटभर घेऊन जा."

"नको अप्पा. हा गेलो आणि हा आलो. मेमरी बसली की आजच सगळं संपवून टाकतो. मग तुम्हाला दर रविवारी माझी कटकट नको."

अप्पांनी पुढे होऊन दार तेवढं धरलं.

कोपऱ्यावरचं दुकान म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि भिंतीला लटकलेल्या वायरींचं जंगल. दुकानदारानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि धाकट्याच्या आधी डब्याकडे पाहिलं.

"पंपवाल्या काकांचा ना हा?"

"हो. मी त्यांचा धाकटा मुलगा. मेमरी वाढवायचीय. व्हिडिओ एडिटिंग करतोय, सारखा अडकतो."

"अडकणारच. चार जीबीवर कसलं एडिटिंग करताय!" दुकानदार हसला. पण डबा उघडायच्या ऐवजी त्यानं खालचा खण ओढला, त्यातून एक छोटं पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. "नवी घ्यायची गरज नाही. सोळा जीबीची ही काकांचीच आहे."

"अप्पांची?"

"मुलगा आईची फिल्म करणार म्हणून हौसेनं बसवून घेतली होती त्यांनी. पंधरा दिवस झाले नसतील, एवढा डबा छातीशी धरून पुन्हा आले. म्हणाले, काढ ती."

"का? खराब निघाली?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाले, 'छान चालते रे. पोराला तासाभरात मोकळं करते. म्हणून काढ.'"