सात अक्षरं

सासरे निवृत्त हेडमास्तर. रोज सकाळी त्यांच्या मास्तरमंडळींच्या ग्रुपवर सात इंग्रजी अक्षरं यायची आणि त्यांतून शब्द शोधायची चढाओढ लागायची. सासरे चाळिसाच्या खाली कधी उतरले नाहीत.

"बाबा, अक्षरं टाकली की आयते शब्द काढून देणारी वेबसाइट असते," सून एकदा म्हणाली.

"पस्तीस वर्षं कॉप्या पकडल्यात मी. मला असले धंदे शिकवू नकोस."

एके दिवशी ती वेबसाइट बंद पडली. दहा वाजले तरी ग्रुप गप्प. त्या अक्षरांतून कॅट आणि रॅट तर पहिलीतल्या नातीनेही काढून दाखवले. शेवटी सासऱ्यांनीच लिहिलं, "आजची अक्षरं फारच अवघड आहेत."

खाली लगेच अकराच्या अकरा मास्तरांचे अंगठे उमटले.